कार्ड घेण्याआधी मॉनिटर बघा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि वर्षाकाठी एखाददुसरा कवितासंग्रह, तोही कधी कधी माझाच, असा सगळा माल आमच्याकडे जुळवला जातो. शिक्षण बी.ए., विषय मराठी. संगणकाशी गाठ पडली ती पोटासाठी. पण गेली पंचवीस-सव्वीस वर्षं स्वतःची यंत्रं स्वतःच जोडत आलोय. त्यामुळे इचलकरंजीतल्या आमच्या गल्लीतली मुलं मला कवितेबद्दल काही विचारत नाहीत, ग्राफिक्स कार्डाबद्दल विचारतात. कुणी 'चाचा' म्हणतं, कुणी 'काका' म्हणतं. प्रश्न मात्र एकच असतो : "तीस हजारांत कुठलं कार्ड घेऊ?"

मी उलट विचारतो, "मॉनिटर कुठला आहे?"

मुलं गोंधळतात. कारण त्यांनी कार्डाची नावं पाठ केलेली असतात, किमती पाठ असतात, कुठल्या खेळात कुठलं कार्ड किती फ्रेम देतं तेही तोंडावर असतं. पण आपण ज्या काचेकडे तासन् तास बघणार आहोत तिची मापं कुणी सांगितलेली नसतात. आणि कार्डाची निवड तिथूनच सुरू होते, हे मी आज जरा सविस्तर सांगणार आहे. कारण हा आता श्रीमंतांच्या पोरांचा खेळ राहिलेला नाही. आमच्या गावात वडील मागावर आणि पोरगा पार्टटाइम नोकरी करून या खेळाच्या संगणकासाठी पैसे साठवतोय, अशी घरं मला माहीत आहेत. त्या पैशाला मोल आहे.

आधी हे कार्ड करतं काय ते बघू. मॉनिटरवरचं चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. यातल्या एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. साध्या, ज्याला दुकानात 'फुल एचडी' म्हणतात अशा मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६००. खेळ सुरू असताना ही रांगोळी एका सेकंदात साठ वेळा पुसून नव्याने काढायची असते. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवताना उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, पुढे भिंत आहे की माणूस, हा सगळा हिशेब.

हे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला झेपत नाही. तो हुशार आहे, पण एकटा आहे. आमच्या गावच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेसर म्हणजे पेढीवरचा जुना दिवाणजी. अवघड हिशेब त्याच्याकडे न्यावा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे मागांची शेड. एकेका मागाला फार डोकं नाही, पण एकाच वेळी सगळे चालतात आणि कापड भराभर निघतं. २०२३ साली आलेल्या आरटीएक्स ४०६० या मधल्या दर्जाच्या कार्डात असे ३,०७२ छोटे गणक आहेत. १९९९ मध्ये एनव्हीडिया कंपनीने जीफोर्स २५६ बाजारात आणलं तेव्हा 'जीपीयू' हा शब्द रूढ झाला. त्याच्या तीन वर्षं आधी थ्रीडीएफएक्स कंपनीचं 'व्हूडू' आलं होतं. ते नुसतं खेळापुरतं होतं, साध्या कामाला शेजारी दुसरं कार्ड लावावं लागायचं. पुढे ती कंपनी एनव्हीडियानेच गिळली. त्यांची प्रतिस्पर्धी एटीआय २००६ मध्ये एएमडीकडे गेली, आणि २०२२ पासून इंटेलही आर्क नावाची कार्डं घेऊन मैदानात आहे. आज बाजारात दिसणारे बाकीचे ब्रँड याच तीन घरांची चिप घेऊन तिच्यावर आपला पंखा आणि आपलं खोकं चढवतात.

आता मॉनिटरकडे वळू. फुल एचडीच्या वरची पायरी १४४० ओळींची. तिच्यात ठिपके ३६ लाख ८६ हजार, म्हणजे काम जवळजवळ पावणेदोनपट. त्याच्या वर फोर-के. तिथे ८३ लाखांच्या आसपास ठिपके, म्हणजे बरोबर चौपट. तेच कार्ड, तोच खेळ. पण फुल एचडीवर लोण्यासारखं चालणारं कार्ड फोर-केवर धापा टाकतं. उलटही खरं. फोर-केसाठी केलेलं महागडं कार्ड फुल एचडीच्या मॉनिटरला जोडलं तर ते बरंचसं रिकामं बसून राहतं, कारण दिवाणजी त्याला पुरेसं काम देऊ शकत नाही.

दुसरं माप हर्ट्झचं. तुमचा मॉनिटर साठ हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला साठच चित्रं दाखवणार. कार्डाने दोनशे काढली तरी डोळ्यांना साठच. अगदी बारकाईने खेळणाऱ्यांना जास्त फ्रेमांमुळे हाताचा प्रतिसाद थोडा लवकर मिळतो, हे खरं. पण घरातल्या खेळणाऱ्याने साठ हर्ट्झच्या मॉनिटरसाठी दोनशे फ्रेमांचं कार्ड घेणं म्हणजे बोळात फिरवायला ट्रक घेणं.

तिसरी गोष्ट, खेळायचंय काय. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक असले खेळ साध्या कार्डावरही छान चालतात. ते मुद्दाम तसेच बांधलेले असतात, कारण जगभरच्या सायबर कॅफेंत ते चालायला हवेत. नुसतं एवढंच खेळायचं असेल तर मी मुलांना सांगतो, बाबा, आधी कार्ड न घेताच बघ. २०२१ मध्ये आलेल्या रायझन ५६००जीसारख्या प्रोसेसरांच्या पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स असतं. सेटिंग उतरवून चालतं. पैसे साठले की कार्ड टाकता येतं, जागा कुठे पळून जात नाही. हा सल्ला मुलांना आवडत नाही. त्यांच्या आयांना आवडतो. आणखी एक गोष्ट मी त्यांना दाखवतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा 'राजी' हा खेळ २०२० मध्ये आला. त्याचं रूप पहाडी लघुचित्रांच्या वळणाचं आहे, मधल्या गोष्टी छायाबाहुल्यांच्या खेळासारख्या सांगितल्यात. तिथे डोळा थबकतो तो चित्रकारामुळे. सगळंच सौंदर्य काही कार्डातून येत नाही.

आता नावांची गंमत. गंमत कसली, फसगतच. आरटीएक्स ४०६० मधला ४० हा पिढीचा आकडा आणि ६० हा त्या पिढीतल्या पायरीचा. ५०, ६०, ७०, ८०, ९० असं चढत जातं. इथवर सोपं आहे. पण २०१७ मध्ये जीटी १०३० नावाचं एक स्वस्त कार्ड आलं आणि २०१८ मध्ये त्याच नावाने दुसरं आलं. पहिल्यात जलद मेमरी होती, दुसऱ्यात साधी डीडीआर४. मेमरीतून माल ने-आण करण्याचा वेग पहिल्यात सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्यात १७ च्या आत. खेळात दुसरं कार्ड जवळजवळ निम्म्यावर येतं. नाव मात्र तेच. खोक्यावर बारीक अक्षरात 'डीडीआर४' लिहिलेलं असतं, तेवढाच फरक.

याहून मोठं उदाहरण सप्टेंबर २०२२ चं. एनव्हीडियाने आरटीएक्स ४०८० नावाची दोन कार्डं जाहीर केली, एक १६ जीबीचं आणि एक १२ जीबीचं. वाचणाऱ्याला वाटावं फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात दोघांतली चिपच वेगळी, १२वाल्याची बरीच लहान. इतकी ओरड झाली की ऑक्टोबरमध्ये कंपनीने ते विक्रीला येण्याआधीच मागे घेतलं. जानेवारी २०२३ मध्ये तेच ४०७० टीआय या नावाने आलं. ओरड करणारे लोक जाणकार होते म्हणून हे झालं. आमच्या गल्लीतल्या पोराने एकट्याने ओरडून काय होणार होतं?

लॅपटॉपवाल्यांनी तर कान टवकारूनच ऐकावं. टेबलावरच्या संगणकातलं आरटीएक्स ४०९० चोवीस जीबीचं, साडेचारशे वॅट पिणारं. लॅपटॉपवर त्याच नावाचा स्टिकर असतो, पण आत सोळा जीबी आणि चिपही खालच्या पायरीची. एवढीशी जागा, एवढीशी बॅटरी. साडेचारशे वॅट तिथे मावणार कुठून? तेव्हा लॅपटॉप घेताना नावापुढे 'लॅपटॉप' हा शब्द मनात लावूनच किमतीचा विचार करावा, आणि कंपनीने त्या कार्डाला किती वॅट दिलेत तेवढं विचारावं. तोच आकडा खरं बोलतो.

आता मेमरी. सध्या सगळ्यात जास्त वाद हिच्यावरून आहेत, आणि पैसा वाया जातो तोही इथेच. कार्डावर स्वतःची मेमरी असते. खेळातल्या भिंतींचे पोपडे, झाडांच्या साली, माणसांचे कपडे, या सगळ्यांची चित्रं तिथे तयार ठेवलेली असतात. जागा पुरली तर काम सुरळीत. पुरली नाही तर उरलेला माल संगणकाच्या साध्या रॅममध्ये ठेवावा लागतो आणि लागेल तेव्हा लांबून आणावा लागतो. मग होतं असं की सरासरी फ्रेम चांगल्या दिसतात, पण मध्येच चित्र अडखळतं. साठ फ्रेमांच्या हिशेबाने प्रत्येक चित्राला साधारण सतरा मिलिसेकंद मिळायला हवेत. एकोणसाठ चित्रं वेळेवर आली आणि एकाने दहापट वेळ घेतला, तर सरासरीला फारसं काही कळत नाही, डोळ्याला लगेच कळतं. वृत्तात लिहिणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. ओळीत सगळ्या मात्रा बरोबर आणि एका जागी एकच सांडली, तर ऐकणारा बाकीची ओळ विसरतो आणि तेवढीच ठेच लक्षात ठेवतो. म्हणून कार्डाची परीक्षणं वाचताना नुसती सरासरी बघू नका. शेजारी 'वन पर्सेंट लो' असा आकडा दिलेला असतो, म्हणजे सगळ्यात मंद एक टक्का चित्रांचा वेग. तो सरासरीपासून फार खाली असेल तर ठेचा लागणार.

आठ जीबी पुरतात का? फुल एचडीवर स्पर्धेचे खेळ खेळणाऱ्याला पुरतात. नव्या, भव्य खेळांत वरचं सेटिंग लावलं की अपुऱ्या पडू लागल्यात. एप्रिल २०२५ मध्ये आलेलं आरटीएक्स ५०६० टीआय एकाच नावाने आठ आणि सोळा जीबीत आलं. अमेरिकेतला भाव ३७९ आणि ४२९ डॉलर. जूनमध्ये एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी तसंच आलं, २९९ आणि ३४९. दोन्हीकडे फरक पन्नास डॉलरचा. चार-पाच वर्षं कार्ड वापरायचं असेल तर हे जादा पैसे मी द्यायला सांगतो. मात्र नुसता मेमरीचा आकडा बघून जुनं, मंद कार्ड घेऊ नये. गोदाम मोठं आणि माग चारच, असं त्याचं होतं.

इथे एका घराची गोष्ट सांगतो. २०२५ च्या गणपतीच्या सुमाराची. वडील सायझिंगमध्ये कामाला. मुलगा कॉलेज करून संध्याकाळी औषधाच्या दुकानात बसायचा. दीड वर्षात त्याने पन्नास हजार साठवले होते. मोठी बहीण कोल्हापुरात ॲनिमेशन शिकत होती आणि ब्लेंडर नावाच्या प्रोग्रॅमवर काम करायची. घरात संगणक एकच. एका दुकानदाराने मुलाच्या गळी आरटीएक्स ५०७० उतरवलं होतं. तीन पंखे, रंगीत दिवे, बारा जीबी. वर दहा-बारा हजार कमी पडत होते. त्यासाठी वडील मालकाकडून उचल घ्यायला तयार झाले होते. उचल म्हणजे काय ते यंत्रमागाच्या गावात सांगावं लागत नाही. ती पगारातून महिनोन् महिने कापली जाते, आणि तोवर मालक बदलता येत नाही.

मी मुलाला मॉनिटर विचारला. जुना, ऑफिसातून लिलावात घेतलेला, फुल एचडी, साठ हर्ट्झ. बहिणीला विचारलं, तुझं काम अडतं कुठं? ती म्हणाली, "चाचा, सीन मोठा झाला की रेंडर रडायला लागतं." म्हणजे तिचं दुखणं मेमरीचं होतं. रेंडर करताना अख्खा देखावा कार्डाच्या मेमरीत बसावा लागतो. नाही बसला तर काम एकतर फार मंदावतं किंवा मध्येच बंद पडतं. वेगात ५०७० पुढे आहे यात वाद नाही. पण भावाच्या साठ हर्ट्झच्या मॉनिटरला तो वेग दिसणार नव्हता, आणि बहिणीला बारापेक्षा सोळा जीबी जास्त उपयोगाचे होते. सोळा जीबीचं ५०६० टीआय घेतलं आणि उरलेल्यात चांगला एसएमपीएस. उचल घ्यावी लागली नाही. मॉनिटर तोच जुना ठेवला. मॉनिटर बघा म्हणजे मॉनिटर बदला, असं माझं म्हणणं नाही. मुलगा तीन दिवस हिरमुसला होता, ते काही मी लपवत नाही. तीन पंख्यांचं कार्ड दिसायला खरंच देखणं असतं.

एसएमपीएसचं नाव निघालंच आहे तर तिथे जरा थांबतो. संगणकाच्या डब्यात मागच्या बाजूला विजेची जी पेटी असते ती ही. तिच्याकडे कुणी बघत नाही, कारण ती खेळात दिसत नाही. कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेल्या पेटीवर साडेचारशे वॅट छापलेलं असतं, पण छापायला काय लागतं! मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यापुढची वीज एसएमपीएसमधून वेगळ्या वायरीने द्यावी लागते. सहा टाचण्यांच्या वायरीतून ७५, आठ टाचण्यांच्या वायरीतून १५०. ५०६० टीआय १८० वॅट घेतं आणि त्याला कंपनी सहाशे वॅटचा एसएमपीएस सांगते. तो नावाजलेल्या कंपनीचाच असावा. हलक्या पेटीतली वीज चढ-उतार करते, खेळ ऐन रंगात असताना संगणक बंद पडतो, आणि पेटी फुटली तर जाताना कार्डालाही बरोबर घेऊन जाऊ शकते. 'एटी प्लस'चा बिल्ला बघतात पुष्कळ जण. तो वीज किती वाया जात नाही याचा दाखला आहे, सुरक्षिततेचा नव्हे. वायरी तर अगदी आतपर्यंत घट्ट बसवाव्यात. २०२२ मध्ये ४०९० बाजारात आलं आणि काही आठवड्यांतच त्याच्या नव्या पद्धतीच्या जोडणीचं प्लास्टिक वितळल्याच्या तक्रारी आल्या. वायर पूर्ण आत न गेल्याचं कारण त्यात पुढे आलं होतं.

यूपीएसही मोजून घ्यावा. बाजारात सर्रास मिळणारा सहाशे व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटच देतो. खेळ सुरू असताना लाइट गेली तर तो सगळा भार पेलेल का, हा हिशेब आमच्यासारख्या गावात करावाच लागतो.

ज्यांच्याकडे एखाद्या ऑफिसातून निघालेला जुना संगणक आहे, एसएमपीएस बदलण्याची सोय नाही, त्यांच्यासाठी वेगळी वायर न लागणारी कार्डं असतात. २०१९ चं जीटीएक्स १६५० (त्यातही काही मॉडेलांना वायर लागते, बघून घ्या) किंवा २०२४ मध्ये आलेलं सहा जीबीचं आरटीएक्स ३०५०. ती खाचेतल्या विजेवर भागवतात. मात्र जुन्या मदरबोर्डाशी काही नवी कार्डं पटवून घेत नाहीत. २०२२ चं आरएक्स ६५०० एक्सटी खाचेतल्या चारच वाटा वापरतं; जुन्या पिढीच्या बोर्डावर या अरुंद वाटेमुळे त्याचा वेग पडतो. इंटेलच्या आर्क कार्डांना बोर्डात 'रिसायझेबल बार' नावाची सोय चालू असावी लागते, नाहीतर ती रुसतात. आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरना बारा जीबी घेऊन आलं तेव्हा मला फार आवडलं होतं, पण ते जुन्या दिवाणजीच्या हाताखाली देऊ नये.

भावाचंही एक गणित आहे. अमेरिकेत जाहीर होणाऱ्या किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो. त्या डॉलरांना त्या दिवसाच्या दराने गुणा, आपल्याकडचा अठरा टक्के जीएसटी धरा आणि वर आयातदार-दुकानदाराचं थोडं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठेही भाव याच्या फार वर गेला तर विचारा का. फार खाली आला तर जास्तच विचारा. मधूनच सगळ्या बाजाराचा तोल जातो, ते निराळं. २०२१ मध्ये आभासी नाण्यांच्या खाणकामासाठी कार्डं पळवली गेली. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी केंद्रं मेमरी उचलत होती. हजारो सोपे हिशेब एकदम करणं हा कार्डाचा गुण त्या कामालाही लागतो. खेळणाऱ्या पोरांच्या कार्डाला मोठा गिऱ्हाईक मिळाला, असं म्हणा.

खाणकामावरून जुन्या कार्डांकडे येतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि त्या नाण्यासाठी कार्डं राबवण्याची गरजच संपली. मग ती कार्डं जुन्या बाजारात आली. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. पंखे आणि आतली उष्णता वाहून नेणारी पेस्ट थकलेली असते, ती बदलता येते. पण घेण्याआधी विकणाऱ्याच्याच घरी अर्धा तास खेळ चालवून बघावा. जीपीयू-झेड नावाचा छोटा मोफत प्रोग्रॅम चालवावा. जुन्या चिपवर नव्या कार्डाचं नाव चढवून विकलेले नकली नग निघतात, त्यातले बरेचसे हा प्रोग्रॅम ओळखतो. वॉरंटी काही कंपन्या नगाच्या क्रमांकावर देतात, काही बिल मागतात. बिल मागून ठेवलेलं बरं.

जुन्याची दुसरी अडचण वयाची. २०१७ चं जीटीएक्स १०८० टीआय हे आपल्या काळातलं बलदंड कार्ड, अकरा जीबीचं. आजही पुष्कळ खेळ ते सहज ओढतं. पण डिसेंबर २०२४ चा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि मे २०२५ चा 'डूम : द डार्क एजेस' हे खेळ उजेडाचे किरण मोजणारी खास यंत्रणा कार्डात असल्याशिवाय सुरूच होत नाहीत, आणि ती या कार्डात नाही. त्या पिढीसाठी नव्या खेळांना धरून निघणारे ड्रायव्हरही एनव्हीडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. फक्त सुरक्षेची डागडुजी पुढे चालू ठेवली. स्वस्त मिळतंय म्हणून घेताना हे धरून चालावं.

आणि आता जाहिरातीतल्या उंच उंच खांबांबद्दल. जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासला एनव्हीडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितलं की ५४९ डॉलरचं नवं ५०७० हे आधीच्या १,५९९ डॉलरच्या ४०९०इतकं काम करेल. याची किल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेत होती आणि ती त्यांनी लपवलीही नाही. कार्ड एक चित्र खरं काढतं आणि मधली तीनपर्यंत चित्रं अंदाजाने भरतं. डोळ्याला चित्र गुळगुळीत दिसतं. पण तुम्ही माउस हलवला तर त्याला उत्तर देणार ती खरी चित्रंच. मुळात तीस खऱ्या फ्रेमा असतील तर आकडा शंभरावर जाऊनही हात जड लागतो. मुळात साठ-सत्तर असतील तर ही भर छान वाटते. याच घराण्यातली दुसरी युक्ती मला जास्त प्रामाणिक वाटते : चित्र लहान आकारात काढून हुशारीने मोठं करायचं. एनव्हीडिया तिला डीएलएसएस म्हणतं, एएमडी एफएसआर म्हणतं. मधल्या दर्जाच्या कार्डाला तिचा खरा आधार होतो. तेव्हा दोन कार्डांची तुलना करताना या सगळ्या युक्त्या बंद ठेवून काढलेले आकडे आधी बघावेत, आणि तेही आपल्या मॉनिटरच्या मापाचे.

घ्यायला निघण्याआधी कॅबिनेट उघडून टेपने आतली लांबी मोजावी. तीन पंख्यांचं कार्ड घरी आणून ते न मावल्याचं मी माझ्या दुकानात दोनदा पाहिलंय. बसवल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डाला न लावता कार्डालाच लावायची. हसू नका; नवं कार्ड चालतच नाही म्हणून आलेली कितीतरी मुलं मी वायर बदलून परत पाठवलीत. जास्त हर्ट्झचा मॉनिटर असेल तर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा हाताने निवडावा लागतो, बऱ्याचदा तो मुकाट साठवरच बसलेला असतो. पहिल्या आठवड्यात कार्ड रोज तास-दोन तास ताणून चालवावं. दोष असला तर तो तेव्हाच बाहेर येतो आणि दुकानदाराशी बोलणंही सोपं जातं.

आमच्या गावात हवेत कापसाचे तंतू असतात. ते पंख्यातून आत जाऊन जाळीवर नमद्यासारखे बसतात आणि उन्हाळ्यात कार्ड तापून मंदावतं. दर दोन महिन्यांनी कॅबिनेट उघडून ब्लोअर मारावा लागतो. संगणक बंद करून, वायर काढून, आणि कार्डाच्या पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून.